शेवटचें अंडें

पावसाळ्याच्या तोंडीं गायबगळ्याचा रंग बदलतो, ही गोष्ट आपल्यापैकीं कितीजणांनीं लक्षपूर्वक पाहिली असेल, कोण जाणे. एरवीं म्हशीच्या पाठीवर किंवा नांगराच्या मागें दिसणारा हा पांढरा शुभ्र पक्षी मृगाच्या सुमारास डोक्यावर, मानेवर व पाठीवर केशरी पिसें धारण करितो. कालपर्यंत शेतांत किड्यामुंग्या वेंचीत हिंडणारे हे बगळे मग समुदायानें एकाद्या मोठ्या झाडावर जमतात व घरटीं बांधूं लागतात. आपल्या शाळेपासून हांकेच्या अंतरावर असें एक जुनें चिंचेचें झाड आहे. त्याच्या खालून सायकल नेणाऱ्या विद्यार्थ्यांस तें चांगलेंच ठाऊक आहे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरील ठिपक्यांविषयीं मातोश्रींकडून तक्रारीही आलेल्या आहेत.

हीं घरटीं म्हणजे काटक्यांचा कसाबसा रचलेला ढीग. त्यांत मादी तीनपासून पांचपर्यंत फिकट निळसर अंडीं घालिते. परंतु तीं एकाच दिवशीं नव्हे, तर साधारणतः एक दिवसाआड एक याप्रमाणें. सर्व अंडीं पुरीं होईपर्यंत हे पक्षी थांबत नाहींत. पहिलें अंडें घरट्यांत आलें कीं नर व मादी पाळीपाळीनें तें उबवूं लागतात. ऊब लागल्यापासून सुमारें चोवीस दिवसांनीं अंडें फुटतें. अर्थात् जें आधीं आलें तें आधीं फुटतें, आणि चौथें पिलूं कवच फोडून बाहेर येतें तेव्हां थोरलें चार-पांच दिवसांचें, मान ताठ करून चोंच मारणारें झालेलें असतें. बगळ्याच्या पिलाच्या आयुष्यांत चार दिवस म्हणजे एक युगच होय.

आमच्या आईच्या कोंबड्या अशा वागत नसत. पन्हाळ्याच्या पायथ्याशीं आमचें लहानसें घर होतें व परड्यांत दहा-बारा कोंबड्या असत. कोंबडी अंडें घाली, मोठ्यानें ओरडून तें साऱ्या आळीला कळवी आणि उठून चरावयास जाई. आई तें अंडें भुशाच्या टोपलींत जपून ठेवी. अकरा किंवा तेरा अंडीं जमलीं आणि कोंबडी खुडूक झाली, म्हणजे एका संध्याकाळीं तीं सर्व तिच्याखालीं मांडीत. एकविसाव्या दिवशीं पाहावें तों सारीं पिलें एकदमच बाहेर! पंधरा दिवसांपूर्वींचें अंडें आणि कालचें अंडें यांचा वाढदिवस एकच कसा, हें कोडें मला लहानपणीं सुटत नसे. उत्तर सोपें आहे. अंडें थंड असतें तोंवर आंतील गर्भ जणूं निजून राहतो. ऊब लागली कीं त्याचें घड्याळ चालूं होतें. भावंडांमध्यें अंतर राहावें कीं राहूं नये, हें अंड्यांवर केव्हां बसावें यावर अवलंबून असतें. अमेरिकेतील बॉबव्हाइट नांवाच्या लाव्यांत तर याच्याही पुढची तऱ्हा आहे. मार्गरेट व्हिन्स या इंग्रज विदुषीनें १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, त्यांचीं अंडीं एकमेकांस चिकटून असतां आंतलीं पिलें टकटक असा आवाज करितात, आणि तो ऐकून मागें पडलेलें पिलूं घाई करून इतरांच्या बरोबरीनें बाहेर पडतें.

कोंबडीस व लाव्यास ही घाई परवडते, नव्हे, ती त्यांची गरजच आहे. त्यांचीं पिलें जन्मतांच पायांवर उभीं राहतात व आईमागें चालूं लागतात. मागें राहील तें घारीच्या तोंडीं पडेल. बगळ्याचें पिलूं मात्र कित्येक दिवस घरट्यांत बसून आईबापांनीं ओकून दिलेल्या घांसाची वाट पाहतें. ज्याची मान अधिक उंच, त्याला घांस आधीं.

गेल्या श्रावणांत एका सकाळीं, रात्रभर वाऱ्यापावसानें झोडपल्यानंतर, नववीच्या वर्गांतील एका मुलीनें त्या चिंचेखालीं पडलेलें एक पिलूं रुमालांत गुंडाळून माझ्याकडे आणलें. मूठभर जीव, अंगावर विरळ लंव, पोट आंत गेलेलें, आणि टाळूवर चोंचींनीं टोंचल्याच्या ताज्या जखमा. "कावळ्यानें टोंचलें का, सर?" तिनें विचारलें. मीं सांगितलें कीं, हें बहुधा कावळ्याचें काम नसावें; घरट्यांतील थोरलीं भावंडें धाकट्याला असेंच टोंचीत असतात. "मग त्याचे आईबाप काय करितात?" मीं खरें तें सांगितलें: ते बहुतेक वेळां शेजारींच उभे असतात व मध्यें पडत नाहींत.

ती थोडा वेळ उगी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हें त्यांना नकुशी होतें."

त्या शब्दाचा अर्थ आपल्या भागांत कोणास सांगावा लागत नाहीं. मुलीवर मुलगी झाली म्हणजे शेवटचीचें नांव नकुशी किंवा नकुसा ठेवावयाचें, ही चाल आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यांत इतकी होती कीं, २०११ सालीं तेथें समारंभपूर्वक अशा २८५ मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. ही मुलगी चार बहिणींत धाकटी. तिचें नांव सुंदर आहे. परंतु शब्द तिला ठाऊक होता. तिच्या घरची हकीकत सांगण्याचें हें स्थळ नव्हे.

पिलूं दुसऱ्या दिवशीं पहाटे गेलें. प्रश्न मात्र माझ्या मेजावर राहिला. विज्ञान हा माझा विषय. तेव्हां "निसर्गाचें असेंच असतें" असें म्हणून तिची बोळवण करणें मला प्रशस्त वाटेना. पुढील कांहीं आठवडे मीं या विषयावर जें वाचलें, तेंच येथें देत आहें.

पहिला खुलासा मिळाला तो एका शाळामास्तराकडून, याचा मला किंचित् अभिमान वाटला. डेव्हिड लॅक हा इंग्लंडांतील डार्टिंग्टन येथील शाळेंत १९३३ पासून कांहीं वर्षें जीवशास्त्र शिकवीत होता. (या शाळेचे संस्थापक एल्महर्स्ट हे त्यापूर्वीं रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनांत काम करून गेलेले गृहस्थ.) तेथेंच रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून त्यानें त्यांचें आयुष्य न्याहाळलें व १९४३ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. पुढें १९४७ सालीं त्यानें असा विचार मांडला कीं, पिलांच्या जन्मांतील हें अंतर म्हणजे निष्काळजीपणा नसून एक प्रकारची तरतूद आहे. पक्षिणी अंडीं घालिते त्या वेळीं पुढें अन्न किती मिळेल हें तिला कळणें शक्य नसतें. आपल्याकडील भाषेंत बोलावयाचें तर, अंडीं आर्द्रांत घालावयाचीं, आणि पिलांची भूक भर येणार ती पुष्यांत नि आश्लेषांत. मधल्या काळांत पाऊस कसा पडेल, टोळ व बेडूक किती माजतील, हें जिथें शेतकऱ्यालाही सांगतां येत नाहीं तिथें बगळीस कोण सांगणार? म्हणून ती एक अंडें जास्तच घालिते. सुकाळ झाला तर चारी पिलें जगतात. दुष्काळ पडला तर जें धाकटें व दुबळें तें लवकर मरतें, आणि उरलेलीं तीन धड वाढतात. सर्वांत समान वांटणी झाली असती तर त्या वर्षीं चौघेंही अर्धपोटीं राहून कदाचित् चौघेंही गेलीं असतीं.

हा तर्क ऐकावयास पटतो; परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. डग्लस मॉक आणि त्यांच्या सहकारी बॉनी प्लोगर यांनीं अमेरिकेंत गायबगळ्यांच्याच घरट्यांवर त्याची परीक्षा घेतली व १९८७ सालीं निष्कर्ष छापला. त्यांनीं निरनिराळ्या घरट्यांतील पिलांची अदलाबदल करून तीन प्रकारचीं कुटुंबें तयार केलीं: कांहींत सर्व पिलें एकाच दिवशीं जन्मलेलीं, कांहींत नेहमींप्रमाणें थोड्या अंतरानें जन्मलेलीं, आणि कांहींत तें अंतर मुद्दाम वाढविलेलें. मला वाटलें होतें कीं समवयस्क भावंडें गुण्यागोविंदानें नांदलीं असतील. झालें उलटेंच. जेथें सारीं सारख्या वयाचीं, तेथें मारामारी सर्वांत अधिक. कारण कोणीच कोणापुढें नमावयास तयार नाहीं. आईबापांना अन्नही अधिक आणावें लागलें, आणि त्या मानानें पदरांत कांहीं जास्त पडलें नाहीं. जेथें अंतर फार, तेथें धाकट्यांचा टिकाव लागेना. घातलेल्या अन्नाचें सार्थक सर्वांत अधिक झालें तें नेहमींच्या, मधल्या अंतरांत. समतेचा पुरस्कार करणाऱ्या माझ्यासारख्या माणसास हा निष्कर्ष गिळावयास जड गेला, हें सांगितलें पाहिजे.

येथवर सर्व घड्याळाची गोष्ट झाली. आतां अंड्याच्या आंत डोकावूं.

घरीं कोंबडी साफ करितांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना माहीत आहे कीं तिच्या पोटांत पिवळ्या बलकांचा एक घोंस असतो: एक पुरा मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा वाटाण्याएवढा, आणि पुढें मोहरीसारखे असंख्य. हे बलक एकापाठोपाठ एक वाढत असतात. प्रत्येक बलकाभोंवतीं जें पातळ आवरण असतें त्यांत संप्रेरकें तयार होतात. संप्रेरक म्हणजे शरीरांतल्या शरीरांत निरोप पोहोंचविणारा पदार्थ. मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटते ती अशाच एका निरोपामुळें. त्या पदार्थास टेस्टोस्टेरॉन म्हणतात, व तो अल्प प्रमाणांत मादीच्याही शरीरांत असतो. हा पदार्थ बलकांत झिरपतो आणि थरावर थर चढतांना तेथेंच राहतो. म्हणजे आईनें बाळाच्या शिदोरींत केवळ भाकर बांधली नाहीं. एक चिठ्ठीही ठेविली.

ही चिठ्ठी प्रथम नीट वाचली ती ह्यूबर्ट श्वाब्ल या शास्त्रज्ञानें, १९९३ सालीं, कॅनरी या पिवळ्या गाणाऱ्या पक्ष्याच्या अंड्यांत. त्याला आढळलें कीं कॅनरीच्या पहिल्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉन कमी असतें आणि पुढच्या प्रत्येक अंड्यांत तें वाढत जातें. शेवटच्यांत सर्वांत अधिक. कॅनरीची शेवटचीं पिलेंही उशिरा जन्मतात व त्यामुळें मागें पडतात. परंतु ज्यांच्या बलकांत हें द्रव्य अधिक, तीं पिलें पुढें आपल्या कळपांत वरचढ ठरतात, असें त्याच्या पाहणींत दिसलें. नंतर त्यानें कांहीं अंड्यांत तें द्रव्य सुईनें घालून पाहिलें, तेव्हां त्यांतून निघालेलीं पिलें अधिक चोंच वासून अन्न मागूं लागलीं व भराभर वाढलीं. जन्माच्या वेळेनें जें हिरावून घेतलें तें आईनें बलकावाटे परत केल्यासारखें झालें. शिक्षक या नात्यानें मला ही कॅनरी फार जवळची वाटते.

परंतु बगळ्याचें काय? श्वाब्ल व मॉक यांनीं गायबगळ्याचीं अंडीं तपासलीं व १९९७ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो अमेरिकेंतील गायबगळा म्हणजे आपल्या बगळ्याचाच भाऊबंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो आफ्रिकेकडून अटलांटिक महासागर ओलांडून तिकडे गेला आणि वसला. त्याच्या अंड्यांत क्रम नेमका उलटा निघाला. जें पहिलें, ज्याला चार दिवसांची आघाडी आधींच मिळालेली, त्याच्याच बलकांत हें चढाऊ द्रव्य अधिक, शेवटच्यांत कमी. एका आईनें तराजूचें हलकें पारडें हातानें दाबून समतोल साधला. दुसरीनें जड पारड्यांतच आणखी वजन टाकलें. पदार्थ तोच, युक्ति तीच, हेतु मात्र परस्परविरुद्ध.

आणि या द्रव्याचा परिणाम जन्मानंतरच होतो असेंही नाहीं. हिंवाळ्यांत आपल्या कोंकण किनाऱ्यावर काळ्या डोक्याचे कुरव येतात. त्यांची वीण परदेशांत होते. त्या पक्ष्यावर हॉलंडमध्यें प्रयोग झाले व २००१ सालीं असें दिसून आलें कीं, बलकांत हीं द्रव्यें वाढविलीं असतां पिलूं कवचांतून लवकर बाहेर पडतें. तेव्हां आईच्या हातीं दोन किल्ल्या आहेत म्हणावयाच्या: एक अंड्यांवर बसण्याच्या वेळेची, दुसरी बलकांतील. पण लगेच हा नियम आहे असें वहींत उतरवून घेऊं नका. त्याच्या आधल्याच वर्षीं अमेरिकेंतील खरूची या लहान शिकारी पक्ष्यावर असाच प्रयोग झाला होता, व तेथें अंडीं उशिरा फुटलीं, पिलें खुरटलीं आणि अधिक मेलीं. परीक्षेंत एकाच वाक्याचें उत्तर हवें असणाऱ्यांस पक्षिशास्त्र हा विषय मानवणारा नाहीं.

मीं वर "आईनें ठेविली", "आईनें दाबलें" असें लिहिलें, तें भाषेच्या सोईसाठीं. बगळी मनांत योजना करून हें करीत नाहीं. अंडीं घालण्याच्या दिवसांत तिच्या वांट्याला जें येतें, तें तिच्या रक्तावाटे बलकांत उतरतें. अमेरिकेंतील एका जातीच्या भिंगऱ्यांत २००२ सालीं असें आढळलें कीं, त्या दिवसांत ज्या मादीचीं इतरांशीं भांडणें अधिक झालीं, तिच्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉनही अधिक होतें. पिलूं अजून जन्मावयाचें आहे. परंतु बाहेरच्या गल्लींतील कलह त्याला कळून चुकलेला आहे.

हें सारें मीं त्या मुलीस एका शनिवारीं प्रयोगशाळेंत सांगितलें. मीं म्हटलें, शेवटच्या अंड्याला नकुशी म्हणणें बरोबर नाहीं. बगळीला तीन अंड्यांवर थांबतां आलें असतें. चौथ्यासाठीं तिनें आपल्या अंगांतलें सत्त्व वेंचलें. दोघांनीं भर पावसांत आळीपाळीनें त्यावर ऊब धरली. नको असलेल्याकरितां इतकें कोणी करीत नाहीं. साल चांगलें निघालें तर तेंही उडून जातें. त्याच्या वांट्याला जी कमतरता आली ती अन्नाची होती, मायेची नव्हे. निदान पक्ष्याच्या बाबतींत दुसऱ्या कशाचें माप घेण्याचें साधन आपणांजवळ नाहीं.

तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "आमच्या घरीं पुरतें, सर."

यावर मी कांहीं बोललों नाहीं. पालकांपैकीं कोणी हा लेख येथवर वाचला असेल, तर हें वाक्य मीं त्यांच्यासाठीं जसेंच्या तसें उतरविलें आहे.

पुढच्या आठवड्यांत मीं तिला गव्हाणी घुबडाविषयीं वाचावयास दिलें. ज्याला आपले लोक अपशकुनी म्हणून दगड मारितात, तोच हा पक्षी. त्याची मादीही पहिल्या अंड्यापासूनच बसते, आणि थोरल्या व धाकट्या पिलांत कधीं कधीं दोन आठवड्यांचेंही अंतर पडतें. एवढ्या तफावतींत तर रक्तपातच व्हावयाचा. पण स्वित्झर्लंडमध्यें अलेक्झांडर रूलँ यांनीं पुष्कळ वर्षें या घुबडांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांना निराळेंच दिसलें. आईबाप उंदीर आणावयास गेले असतां पिलें आपसांत सारखीं ओरडत राहतात; ज्याला भूक अधिक तें अधिक ओरडतें, आणि ज्याला कमी तें हळूहळू गप्प होऊन येणारा घांस त्याला सोडतें. मोठें पिलूं आपल्या वांट्याचा उंदीर धाकट्याच्या पुढें करितें, असेंही वारंवार पाहण्यांत आलें आहे. म्हणजे उशिरा जन्मण्याचा शेवट एकच नसतो.

या वर्षीं ती दहावींत आहे. अभ्यासाचा बोजा असूनही तिनें व आणखी दोघींनीं मिळून चिंचेवरील घरट्यांची एक वही ठेविली आहे. शाळेची जुनी दुर्बीण मीं त्यांना दिली, व झाडाजवळ न जातां समोरच्या व्हरांड्यांतूनच पाहण्याची अट घातली. कारण माणसाच्या वर्दळीनें घाबरून पिलें खालीं पडतात. वहींत लिहिलें आहे: दक्षिणेकडील फांदीवरच्या घरट्यांत पुष्याच्या आरंभीं चार पिलें, आठ दिवसांनीं चार, आश्लेषांतही चार, धाकटें अद्याप लहान पण मान वर काढणारें. त्याच्या शेजारच्या घरट्यांत पांच होतीं, त्यांचीं तीन झालीं. तिसऱ्या घरट्यापुढें पालवी दाट झाल्यामुळें आंतील पिलें मोजतां आलेलीं नाहींत. तेथें एक प्रश्नचिन्ह आहे.